फुटलेली नळी आणि झिजलेली फरशी

प्रस्तावना

दुबईत स्वतःचा फ्लॅट असलेल्या मराठी घरात विम्याचा विषय निघाला, की थोड्याच वेळात गाडी बाथरूमवर येते. ‘इतकी वर्षं प्रीमियम भरतोय, एकदाही क्लेम केला नाही. आता बाथरूम काढायचंय, तर कंपनी निम्मे तरी देईल की नाही?’ उत्तर सरळ आहे. देणार नाही. टब काढून शॉवर बसवायचा आहे, फिक्कट गुलाबी टाइल्सचा कंटाळा आला आहे, आई-बाबा पुण्याहून येऊन चार महिने राहणार म्हणून कमोडशेजारी धरायला दांडा हवा आहे. कारणे सगळी रास्त आहेत आणि खर्च सगळा घरमालकाचा आहे. एवढेच सांगायचे असते तर पुस्तक लिहिण्याची गरज नव्हती.

गोम अशी, की बाथरूमचे काम फार क्वचित हौसेने सुरू होते. बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरचे शेजारी दार वाजवतात आणि आपल्या फॉल्स सीलिंगवर उमटलेला तपकिरी डाग फोनवर दाखवतात. मेंटेनन्सवाला येतो, दोन टाइल्स फोडतो, मग चार. गळती सापडते, पण जुन्या टाइलचा जोड बाजारात मिळत नाही. मग सगळी भिंतच काढू. भिंत काढलीच आहे तर पाइपही बदलू. पाइप बदलतोय तर तो टब कशाला ठेवायचा? आठवड्याभरात नळाच्या दुरुस्तीचे बाथरूमचे नूतनीकरण होते आणि हातात तीस-चाळीस हजार दिरहमचे कोटेशन पडते. त्या कोटेशनमधली काही रक्कम विम्याची असू शकते. ती किती, कोणाच्या पॉलिसीतली आणि हातोडा पडण्यापूर्वी मागायची की नंतर, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

हा प्रश्न नेमका आत्ता पुढे येण्याला कारण आहे. सत्तरच्या दशकात रत्नागिरी-रायगडातून आखातात आलेली माणसे देरा आणि बर दुबईत भाड्याच्या खोल्यांत राहिली. त्यांचे घर बांधून होत होते ते चिपळूणला, खेडला, म्हसळ्याला. इथल्या नळाची काळजी मालकाने आणि नातूरने, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराने, करायची, आपण फक्त तक्रार करायची. २००२ मध्ये दुबईने परदेशी माणसाला घर विकत घेण्याचे दार उघडले आणि २००६ च्या मालमत्ता नोंदणी कायद्याने त्या मालकीला कागदोपत्री पाया दिला. त्या पहिल्या लाटेत स्प्रिंग्ज, ग्रीन्स, मरीना, डिस्कव्हरी गार्डन्स अशा वसाहतींत नोकरदार मराठी कुटुंबांनीही घरे घेतली. ती घरे आता वीस वर्षांची झाली आहेत. आणि घरात सगळ्यात आधी म्हातारे होते ते बाथरूम. सांध्यातला ग्राउट भुगा होतो, टबाच्या कडेचे सिलिकॉन काळे पडते, टाइलखालचे वॉटरप्रूफिंग आपले आयुष्य संपवून गुपचूप निवृत्त झालेले असते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते, की गार पाण्यासाठी लोक गिझर बंद ठेवून त्यातले पाणी वापरतात. रबराचे वायसर आणि प्लास्टिकच्या जोडण्या हे तापमान वर्षानुवर्षे सोसत असतात.

म्हातारपणाचा विमा उतरवता येत नाही, हे तत्त्व घरांच्या आधी जहाजांवर ठरले. ब्रिटनचा १९०६ चा सागरी विमा कायदा आपल्याकडे भारतात १९६३ मध्ये जवळजवळ तसाच आला. दोन्हींत कलम ५५ एकच गोष्ट सांगते. करारात वेगळे म्हटले नसेल तर सर्वसाधारण झीज, सर्वसाधारण गळती आणि सर्वसाधारण मोडतोड यांची भरपाई विमा कंपनी देणार नाही. लाटांचा रोजचा मारा हाही ‘समुद्राचे संकट’ धरला जात नाही. वादळ व्हावे लागते. तेलाचे पिंप थोडे झिरपणार, शिडाचे कापड विरणार, हे जहाज निघण्यापूर्वीच माहीत असते. माहीत असलेल्या नुकसानीचा विमा नसतो, तिचा हिशेब भाड्यात धरायचा असतो. आजच्या गृहविम्याच्या पॉलिसीत ‘झीज, हळूहळू होणारे नुकसान, सदोष कारागिरी’ अशी वगळलेल्या गोष्टींची यादी दिसते तिचे कूळ हे आहे. आपल्या बाथरूमचा क्लेम नाकारणारे वाक्य बंदरातून आले आहे, हे कळल्याने पैसे मिळत नाहीत, पण ते वाक्य कोण्या चलाख कारकुनाने परवा घुसडलेले नाही एवढे तरी लक्षात येते.

दुसरे तत्त्व भरपाईचे. १८८३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयात ‘कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन’ हा खटला निकाली निघाला. घर विकण्याचा करार झाला होता, खरेदी पुरी होण्याआधी आग लागली. विकणाऱ्याने विमा कंपनीकडून आगीचे पैसे घेतले आणि पुढे खरेदीदाराकडून ठरलेली पूर्ण किंमतही घेतली. न्यायालयाने विम्याचे पैसे परत करायला लावले. नुकसान भरून निघावे, फायदा होऊ नये, हा नियम तेव्हापासून विम्याच्या शिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवतात. बाथरूमला तो असा लागतो: पंधरा वर्षांच्या साध्या बेसिनच्या जागी इटालियन काउंटर-टॉप बेसिन बसले, तर मधला फरक ही सुधारणा आहे, नुकसान नव्हे. तो फरक तुमचा.

आता प्रत्यक्ष पाण्याकडे येऊ. आखातातल्या घरांत पाण्याच्या अपघातांचा नायक कोण, असे विचारले तर मी शताफचे नाव घेईन. कमोडशेजारचा तो हातातला फवारा. फवाऱ्याची कळ सोडली की पाणी थांबते, म्हणून भिंतीतला अँगल कॉक कोणी बंद करत नाही. चोवीस तास दाब त्या लवचीक नळीवर राहतो. एका रात्री नळी तिच्या टोकाशी फाटते. सकाळी उठेपर्यंत पाणी बेडरूमच्या लाकडी फ्लोअरिंगखाली शिरलेले असते, कपाटाचा तळ फुगलेला असतो आणि खालच्या घराचे सीलिंग खाली आलेले असते.

या एका घटनेत विम्याची पॉलिसी चार तुकड्यांत बोलते. फाटलेली नळी स्वतः: तिचे पैसे नाहीत, ती झिजली होती. फ्लोअरिंग आणि भिंतीत बसवलेले कपाट: पॉलिसीच्या इमारत विभागातून. गादी, गालिचा, बॅगेत ठेवलेल्या पैठण्या: सामान विभागातून. शेजाऱ्यांचे सीलिंग: तुमच्या पॉलिसीत त्रयस्थाच्या नुकसानीची जबाबदारी घेणारा भाग असेल आणि चूक कायद्याने तुमची ठरत असेल तर तिथून. तीस दिरहमची नळी वगळून बाकी बरेच काही मिळू शकते. पण अनेकांकडे यातला एकच विभाग असतो, कारण घरकर्ज देताना बँकेने इमारतीचा विमा घ्यायला लावलेला असतो आणि ‘आपला होम इन्शुरन्स आहे’ या समजुतीत पुढची वर्षे जातात. अमिरातीत गृहविमा सक्तीचा नाही. बँकेला तिच्या तारणाची काळजी असते, तुमच्या गादीची नाही.

हेच पाणी दुसऱ्या वाटेने आले तर गोष्ट पालटते. शॉवरच्या कोपऱ्यात ग्राउट गेला आहे, रोज दोन पेले पाणी आत झिरपते आहे, सहा महिन्यांनी बाहेरच्या भिंतीचा रंग पोपडे धरून निघाला. नुकसान कदाचित पहिल्या प्रकाराइतकेच, पण क्लेम बहुधा फेटाळला जातो. सर्व्हेअर आला की तो पाणी किती पडले ते पाहत नाही, किती दिवस पडले ते पाहतो. डागाला झाडाच्या खोडासारखी एकात एक वलये आहेत का, स्कर्टिंग फुगून पुन्हा वाळले आहे का, बुरशी किती जुनी आहे. पॉलिसीत ‘अचानक आणि अनपेक्षित’ हे शब्द असतात आणि डागाची वलये त्या शब्दांविरुद्ध साक्ष देतात. इथे लोकांचा फार संताप होतो. ‘आम्हाला तरी कुठे दिसत होतं आतलं?’ हे म्हणणे खरे असते. पण न दिसलेले आणि अचानक घडलेले यांत विमा फरक करतो. तो फरक मला नेहमी न्याय्य वाटतोच असे नाही. तरी तो कागदावर आहे, आणि कागदावर जे आहे त्याच्याशी वाद घालण्याआधी ते वाचलेले बरे.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, आणि नूतनीकरणाचा खरा पैसा तिथे लपलेला असतो. भिंतीतला पाइप एकाएकी फुटला. पाणी दिसते, उगम दिसत नाही. उगम शोधण्यासाठी टाइल्स फोडाव्या लागतात, दुरुस्तीनंतर त्या पुन्हा लावाव्या लागतात. बऱ्याच चांगल्या पॉलिसींत या ‘शोधून काढणे आणि पोहोचणे’ या खर्चासाठी वेगळी मर्यादित रक्कम ठेवलेली असते. पाइपचा तुकडा तुमचा, पण तो गाठायला केलेली तोडफोड आणि ती पूर्ववत करणे कंपनीचे. स्वस्त पॉलिसीत ही ओळ नसते किंवा मर्यादा इतकी लहान असते, की कामगाराची मजुरीही निघत नाही. पॉलिसी घेताना प्रीमियमची तुलना सगळे करतात. या एका ओळीची तुलना करणारा माणूस मला क्वचित भेटला.

जोडाचा प्रश्न इथेच येतो. सहा टाइल्स फुटल्या, तशा आता मिळत नाहीत, म्हणून सगळ्या भिंतीच्या टाइल्सचे पैसे द्या, असे आपण म्हणतो. कंपनी म्हणते, फुटल्या त्या सहांचे घ्या. काही पॉलिसींत न जुळणाऱ्या संचासाठी अर्धी रक्कम देण्याची तरतूद असते, बहुतेकींत जोड आणि संच स्पष्टपणे वगळलेले असतात. तांब्या निसटून बेसिन तडकले तर अपघाती मोडतोडीखाली बेसिन मिळू शकते, पण त्याच्या रंगाचा कमोड मिळत नाही. टाइल्स आपोआप फुगून उठतात, तो वेगळा मामला. एसी बंद करून महिनाभर घर कुलूपबंद ठेवले, उष्णतेने फरशी प्रसरण पावली, सांध्यात जागाच ठेवलेली नव्हती. हा कारागिरीचा दोष, आणि तोही वगळलेला.

मग मार्ग काय? आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, कारण नुकसान वाढू न देणे ही पॉलिसीधारकाची जबाबदारी असते. मग फोटो, मग कंपनीला लेखी कळवणे, मग सर्व्हेअर, आणि त्यानंतर हातोडा. फुटलेला पाइप कचऱ्यात टाकायचा नाही. तो एकमेव साक्षीदार असतो. कंत्राटदाराकडून कोटेशन दोन भागांत लिहून घ्यायचे: होते तसे करण्याचा खर्च वेगळा, नवे हवे त्याचा खर्च वेगळा. समजा एकूण काम चाळीस हजारांचे आहे आणि त्यातले अपघाताआधीची स्थिती परत आणण्यापुरते काम नऊ हजारांचे. नऊ हजारांतून तुमच्या वाट्याची ठरलेली कपात वजा करून उरलेली रक्कम मागता येते. चाळीस हजारांचे एकच बिल पाठवणारा माणूस बहुधा सगळाच क्लेम गमावतो, कारण त्यातला अपघात वेगळा काढून दाखवण्याचे काम सर्व्हेअर त्याच्यासाठी करत नाही.

पण विम्याच्याही आधी एक प्रश्न येतो, आणि या पुस्तकाचा अर्ध्याहून अधिक भाग मी त्याला दिला आहे. पाइप कोणाचा? महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या डोक्यात हाउसिंग सोसायटी असते. गच्ची गळली तर सोसायटीने बघायचे, वरच्याचे बाथरूम गळले तर वरच्याने, आणि दोघांचे पटले नाही तर वार्षिक सभेत आवाज चढवायचा. दुबईत ती सभा नाही. २०१९ चा कायदा क्रमांक ६ सामायिक मालकीच्या इमारतींचा कारभार ठरवतो. मोठ्या प्रकल्पांत विकासकाकडे, हॉटेल असलेल्या इमारतींत हॉटेल चालवणाऱ्या कंपनीकडे आणि बाकीच्या ठिकाणी नियामक संस्थेने, म्हणजे रेराने, नेमलेल्या व्यवस्थापन कंपनीकडे. मालकांची समिती असते, नऊ जणांपर्यंतची, पण तिचे काम देखरेखीचे आणि शिफारशींचे. म्हणून ‘कमिटीला सांगतो’ ही आपली सवयीची धमकी इथे चालत नाही. व्यवस्थापनाला लेखी तक्रार करावी लागते. आणि इमारतीचा जो एकत्रित विमा सर्व्हिस चार्जमधून भरला जातो, त्यात सामायिक उभे पाइप, शाफ्ट, स्लॅब किती धरले आहेत हे विचारावे लागते. तुमच्या फॉल्स सीलिंगमागे वरच्या घराचा निचऱ्याचा पाइप लटकत असतो. जागा तुमची, पाइप त्याचा, आणि तो ज्या उभ्या पाइपला मिळतो तो सगळ्यांचा. गळती नेमकी कोणत्या सांध्यात आहे यावर तीन वेगवेगळ्या पॉलिसी पुढे किंवा मागे सरकतात.

नव्या घरात याहून सोपी वाट आहे आणि लोक ती वाया घालवतात. त्याच कायद्यानुसार इमारतीच्या संरचनेतल्या दोषांची जबाबदारी विकासकावर दहा वर्षे राहते, आणि वीज, यांत्रिक यंत्रणा, नळकाम, सांडपाण्याच्या जोडण्या यांतल्या दोषांची घराचा ताबा दिल्यापासून एक वर्ष. बाथरूमचे जवळजवळ सगळे दुखणे या एका वर्षात बसते. ताबा मिळाल्यावर किल्ल्या घेऊन गणपतीसाठी भारतात जाणारी, मग भाडेकरू ठेवणारी, मग दुसऱ्या वर्षी गळती दिसल्यावर जागी होणारी कितीतरी घरे आहेत. ताबा घेतानाच तपासनीस नेमून शॉवरच्या जागेत पाणी साठवून चोवीस तास ठेवणे, ही चाचणी विम्याच्या कोणत्याही कलमापेक्षा जास्त पैसे वाचवते.

भाड्याने राहणाऱ्यांची कथा निराळी आहे, आणि अमिरातीतले बहुसंख्य मराठी अजूनही भाडेकरूच आहेत. दुबईच्या २००७ च्या भाडेकरार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर देखभाल आणि दोषदुरुस्ती मालकाची. ‘करारात वेगळे ठरले नसेल तर’ हे शब्द मात्र महागात पडू शकतात. कित्येक इजारी, म्हणजे नोंदणीकृत भाडेकरारांच्या पुरवणीत पाचशे किंवा हजार दिरहमपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूची असे लिहिलेले असते, आणि नळ, शताफ, वायसर या सगळ्या त्या आकड्याखालच्या वस्तू आहेत. भाडेकरूने मालकाच्या परवानगीशिवाय बदल करायचा नाही हेही त्याच कायद्यात आहे. स्वखर्चाने केलेले सुंदर बाथरूम सोडून जाताना त्याचे पैसे मिळणे तर दूरच, डिपॉझिटमधून पूर्वस्थितीचा खर्च कापला जाऊ शकतो. भाडेकरूने इमारतीचा विमा उतरवण्यात अर्थ नाही. त्याला हवा तो सामानाचा, आणि मालकाच्या वस्तूंना किंवा खालच्या घराला आपल्या हातून धक्का लागला तर उपयोगी पडणाऱ्या जबाबदारीचा.

आणि नूतनीकरण हे भाडेकरूच्या दृष्टीने कधीकधी नोटिशीचे दुसरे नाव असते. २००८ मध्ये सुधारलेल्या कायद्यात, भाडेकरू राहत असताना करता येणार नाही इतके व्यापक दुरुस्तीचे काम, हे मुदत संपल्यावर घर रिकामे करून मागण्याचे एक मान्य कारण आहे. पण त्यासाठी दुबई नगरपालिकेचा किंवा तिने प्रमाणित केलेला तांत्रिक अहवाल लागतो, आणि नोटीस बारा महिन्यांची, नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने. ‘बाथरूम करायचंय, दोन महिन्यांत निघा’ असा व्हॉट्सअॅपवरचा निरोप ही नोटीस नव्हे. शारजा आणि अबुधाबीचे भाडे कायदे वेगळे आहेत. विम्याचा कायदा मात्र संघराज्याचा असल्याने सातही अमिरातींत एकच.

१६ एप्रिल २०२४ ला हे सगळे एका दिवसात सगळ्यांना शिकावे लागले. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासून नोंदी ठेवल्या जात आहेत, त्यातला हा सर्वाधिक. जुलै २००५ मध्ये सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाहिलेल्या मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण जिथे वर्षभरात शंभर मिलिमीटरही पडेल याची खात्री नसते, तिथे गच्चीचे उतार, बाल्कनीच्या जाळ्या, बाथरूमच्या खिडक्यांच्या चौकटी या पावसासाठी बांधलेल्याच नव्हत्या. शारजातल्या काही वस्त्यांत पाणी कित्येक दिवस साचून राहिले. एमार या विकासक कंपनीचे संस्थापक मोहम्मद अलब्बार यांनी आपल्या वसाहतींतली नुकसान झालेली घरे कंपनीच्या खर्चाने दुरुस्त करण्याचे जाहीर केले. जूनमध्ये दुबईने तीस अब्ज दिरहमचा ‘तसरीफ’ हा पर्जन्यजलाच्या निचऱ्याचा प्रकल्प मांडला, २०३३ पर्यंत पुरा व्हायचा.

विमा असलेल्यांना त्या आठवड्यात नवा प्रश्न पडला. वादळ आणि पूर बहुतेक गृहविम्यांत धरलेले असतात, पण पाणी आत आले ते पुराने की सदोष बांधकामाने? दारातून आलेले पाणी सोपे. नहाणी ट्रॅपमधून उलटे वर आलेले सांडपाणी अवघड. खिडकीच्या चौकटीतून झिरपलेले त्याहून अवघड, कारण तिथे कंपनी चौकट बसवणाऱ्याकडे बोट दाखवू शकते. ज्या घरांचे बाथरूम त्या पावसाने खराब झाले त्यांच्या बाबतीत कोणाला विमा कंपनीने दिले, कोणाला विकासकाने, कोणाला कोणीच नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांना वेगवेगळी उत्तरे मिळण्याची कारणे पॉलिसीच्या शब्दांत सापडतात, आणि ती शोधण्याचा प्रयत्न पुराच्या प्रकरणात केला आहे.

काही गोष्टी इथे फक्त ओझरत्या सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत, जुलै-ऑगस्टमध्ये, आपली घरे बंद असतात. सलग तीस किंवा साठ दिवसांहून अधिक काळ घर रिकामे राहिले तर पाण्याच्या नुकसानीचे संरक्षण थांबते किंवा आखडते, असे कलम बऱ्याच पॉलिसींत असते. जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे आणि एखाद्या मित्राकडे किल्ली देणे याला कायदेशीर किंमत आहे. सामानाचा विमा कमी रकमेचा घेतला तर सरासरीचा नियम लागतो: लाखाचे सामान, पन्नास हजारांचा विमा, वीस हजारांचे नुकसान, आणि हातात दहा. भारतात १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या ठरीव पॉलिसीत हा कमी विम्याचा दंड नाही आणि पाण्याच्या टाक्या-पाइप फुटण्याचा धोका धरलेला आहे. पुण्याच्या फ्लॅटचा अनुभव दुबईला लावू नये तो यासाठी. मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या शाखा अमिरातीत आहेत, पण त्यांची इथली पॉलिसी इथल्या कायद्याने चालते. तकाफुल, म्हणजे इस्लामी पद्धतीच्या विम्याबद्दलही अनेक जण विचारतात. दुबईत १९७९ मध्ये ‘सलामा’ कंपनी उभी राहिली तेव्हापासून हा प्रकार इथे आहे. सदस्यांच्या वर्गणीचा सामायिक निधी, त्यातून भरपाई, आणि वर्षाअखेर शिल्लक राहिली तर ती सदस्यांत वाटण्याची शक्यता. कोणत्याही धर्माच्या माणसाला घेता येते. झिजलेल्या ग्राउटचे पैसे मात्र तिथेही मिळत नाहीत.

नूतनीकरण स्वतःच एक धोका आहे, याकडे दुर्लक्ष होते. काम चालू असताना प्लंबरने चुकीचा पाइप कापला तर तुमची पॉलिसी हात वर करू शकते, विशेषतः काम काढल्याचे कंपनीला कळवले नसेल तर. व्यवस्थापनाची एनओसी, परत मिळणारे डिपॉझिट, परवानाधारक कंत्राटदार आणि त्याच्या स्वतःच्या जबाबदारीच्या विम्याची प्रत, हे चार कागद हाती येईपर्यंत टबाला हात लावू देऊ नये. ओळखीतला स्वस्त कारागीर शुक्रवारी येऊन गुपचूप करून देतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तो गेल्यानंतर खालच्या घरात पाणी उतरले तर दावा कोणावर लावायचा हे कोणालाच माहीत नसते.

क्लेम नाकारला गेला तर काय, हे शेवटच्या प्रकरणात आहे. विमा कंपन्यांवरची देखरेख आता अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेकडे आहे, २०२३ च्या विमा कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली आहे, आणि बँका व विमा कंपन्यांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारींसाठी ‘सनदक’ ही स्वतंत्र यंत्रणा २०२३ च्या सुमारास सुरू झाली. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तिला उत्तराची मुदत द्यायची, मग सनदक. पॉलिसीचा इंग्रजी आणि अरबी मजकूर वेगळा निघाला तर अरबी ग्राह्य धरतात, म्हणून मोठ्या रकमेच्या वादात वगळलेल्या गोष्टींचे कलम अरबी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावे. नमुन्याची पत्रे मराठीत आणि इंग्रजीत दिली आहेत. कंपनीला पाठवायचे ते इंग्रजी, मराठी आपल्याला समजण्यासाठी. टाइल्सचे दर, कंत्राटदारांची नावे आणि कोणती कंपनी चांगली याची उत्तरे मुद्दाम टाळली आहेत. दर सहा महिन्यांत बदलतात, आणि चांगली कंपनी कोणती हे पॉलिसीच्या कोणत्या पानावर शोधायचे ते तिसऱ्या प्रकरणात सांगितले आहे.